उन्हाळी कांदा : चाळीत जाण्यापूर्वी व चाळीतून निघाल्यावर

महाराष्ट्रात कांद्याचे पीक तीन हंगामांत घेतले जाते. खरिपाचा कांदा, ज्यास नाशिककडे पोळ कांदा म्हणतात, तो दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो. त्यामागून रांगडा कांदा येतो व होळीपर्यंत पुरतो. रब्बीचा, म्हणजेच उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात काढणीस येतो. ह्या तिन्हींपैकी खऱ्या अर्थाने टिकणारा कांदा हा शेवटचाच होय. मे महिन्यापासून नवा पोळ कांदा येईपर्यंतचे पाच-सहा महिने गावोगावच्या चुलीवर जो कांदा चढतो, तो बहुतांशी ह्याच हंगामात काढलेला व कोणा शेतकऱ्याने चाळीत किंवा बराखीत सांभाळलेला असतो.

सांभाळ करणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत होणारी एकंदर घट तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाऊ शकते, हे कांदा पिकविणाऱ्यास सांगावयास नको. समजा, एकाने वैशाखात १०० क्विंटल कांदा चाळीत भरला आणि भाद्रपदाअखेर ६५ क्विंटल बाहेर काढला. वैशाखातल्या भावाने हाती आले असते तेवढेच पैसे मिळण्यासाठी त्यास दीडपटीहून अधिक भाव मिळावयास हवा. मजुरी व चाळीचा खर्च वेगळाच. तोच कांदा ८० क्विंटल निघाला असता, तर सव्वापट भावात त्याची बरोबरी झाली असती. बाजारभाव शेतकऱ्याच्या हातात नाही. ६५ क्विंटलचे ८० क्विंटल करणे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हातात आहे, आणि ते काम चाळ भरण्याच्या कितीतरी आधी, पीक शेतात उभे असतानाच सुरू होते.

कांदा टिकतो तो कशामुळे?

कांद्याच्या कुळात लसूण आहे, तसेच युरोपातील लोक आवडीने खातात ते लीकही आहे. लीकला कांद्यासारखा गड्डा धरत नाही. त्याचा पांढरा लांबट दांडा म्हणजे पानांच्याच एकावर एक गुंडाळलेल्या घड्या होत. असा दांडा उपटल्यावरही त्याची वाढीची धडपड थांबत नाही, म्हणून तो वखारीत भरून ठेवता येत नाही. थंड देशांतील माळी तो हिवाळाभर जमिनीतच राखतात व लागेल तसा उपटतात, अथवा ओलसर वाळूत मुळांकडून पुरून थंड जागी काही आठवडे ठेवतात. आपल्याकडील कांद्याच्या पातीचीही प्रकृती तीच.

पक्व कांद्याचे तसे नाही. पात वाळू लागली की तो झोपी जातो. मान मिटते, वरचे पापुद्रे वाळून कागदासारखे होतात, आणि आतील कोंब काही महिने निपचित राहतो. साठवण म्हणजे ही झोप न मोडू देणे. ज्या कांद्याची मान मिटली नाही, ज्याचे पापुद्रे वाळले नाहीत किंवा ज्याच्या अंगावर खुरप्याचा घाव बसला, तो झोपलेलाच नसतो. आणि अशा कांद्यास कितीही उत्तम चाळ वाचवू शकत नाही.

चाळीतील नुकसान एकाच प्रकाराने होत नाही, हेही गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. मे व जूनमध्ये हवा कोरडी व तप्त असते. तेव्हा कांदा कुजत नाही, कोंबही येत नाही, पण त्यातील पाणी उडून वजन घटते. पावसाळा लागला की वजनातील घट कमी होते आणि कूज सुरू होते. जुलै ते सप्टेंबर हा काळी बुरशी व मऊ कूज यांचा काळ होय. पुढे पावसाळा सरून रात्री गार पडू लागल्या की कोंब फुटू लागतात. १० ते २० अंश सेल्सिअस तापमानात कांद्यास कोंब सर्वांत लवकर येतो. म्हणूनच जो कांदा भर उन्हाळ्यात निमूट राहिला, तो कार्तिकात हिरवा तुरा काढून बसलेला दिसतो. तेव्हा उन्हाळ्यात सावली, पावसाळ्यात वारा आणि थंडी येण्यापूर्वी विक्री, असा हा क्रम आहे.

शेतातील काळजी

साठवणीसाठी लावावयाचा कांदा वाणापासूनच निराळा असावा. पिंपळगाव बसवंत येथील संशोधनातून निघालेला एन-२-४-१ हा फिकट लाल वाण साठवणीस चांगला म्हणून शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती व भीमा किरण हेही रब्बीस योग्य व टिकाऊ आहेत. खरिपासाठी असलेले एन-५३ किंवा बसवंत-७८० यांसारखे गडद लाल वाण कितीही जपले तरी महिना-दीड महिन्यापलीकडे ठेवण्याची आशा धरू नये.

त्यानंतर खताचा प्रश्न. नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीपासून सुमारे ४५ दिवसांच्या आत देऊन संपवावा. उशिरा दिलेल्या युरियाने पात गर्द हिरवी होते व गड्डा फुगतो, हे खरे. परंतु त्या कांद्याची मान जाड राहते व ती मिटत नाही. मोठा गड्डा पाहून शेतकरी सुखावतो, आणि श्रावणात त्याच मोठ्या गड्ड्यांना पाणी सुटलेले आढळते. साठवणीस ५ ते ७ सेंटिमीटर व्यासाचा मध्यम कांदाच उत्तम, हे आकाराच्या मोहात पडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पाणी काढणीपूर्वी दोन आठवडे तोडावे. ह्याबाबत अनेक ठिकाणी हयगय होते, कारण कोरड्या जमिनीतून कांदा उपटणे कष्टाचे असते व मजूर ओल मागतात. ती एक शेवटची पाळी मजुरी थोडी वाचविते आणि साठवण बिघडविते. जमीन फारच कठीण असेल, तर पाणी देण्याऐवजी कुदळीने सैल करून कांदा काढणे बरे. मात्र कुदळ कांद्यास लागता कामा नये. शेतातील निम्म्या झाडांच्या माना पडल्या म्हणजे काढणी सुरू करावी. त्याआधी काढल्यास कांदा कच्चा राहतो. फार उशीर केल्यास पापुद्रे गळतात, आणि अवकाळी पावसाची टांगती तलवार असतेच.

वाळविण्याची रीत

काढलेला कांदा पातीसकट शेतातच तीन-चार दिवस पसरावा. तो कसा पसरावा, ह्यास महत्त्व आहे. पहिल्या ओळीतील कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जातील, अशा रीतीने एकामागून एक ओळी लावाव्यात. ऊन पातीवर पडावे, गड्ड्यावर नव्हे. उघड्या गड्ड्यावर वैशाखातले ऊन पडले की त्याची एक बाजू भाजते, तेथील मांस मऊ होते व पुढे कूज तेथूनच शिरते. पात वाळत असताना मान आपोआप आवळत जाते. म्हणून काढल्याबरोबर हिरवी पात कापून कांद्याचे ढीग मारण्याची जी घाई होते, ती साठवणीच्या कांद्यास घातक आहे.

पात सुकल्यावर ती कापावी. परंतु गड्ड्यालगत नव्हे. सुमारे २ ते २.५ सेंटिमीटर, म्हणजे इंचभर मान राखावी आणि कापण्यापूर्वी पातीस हलका पीळ द्यावा. मान अगदी बुंध्याशी कापल्यास ती उघडी जखमच ठरते; बुरशी व जंतू यांना आत जाण्यास तोच दरवाजा. त्यानंतर कांदा झाडाखाली किंवा छपराखाली पातळ थरात आणखी १० ते १२ दिवस राहू द्यावा. हे दहा-बारा दिवस शेतकऱ्यास फुकट गेल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ह्याच दिवसांत आधीपासून रोगट असलेले कांदे आपले रूप दाखवितात व चाळीबाहेरच वेगळे काढता येतात.

निवड करताना जोड कांदा, डेंगळे आलेला, जाड मानेचा, खुरप्याचा वा कुदळीचा मार लागलेला, आणि गोल्टी व चिंगळी, हे सर्व वेगळे काढून लगेच विकून टाकावेत. त्यांचा भाव कमी येतो म्हणून ते चाळीत दडपणे हा तोट्याचा व्यवहार होय. सडलेल्या एका कांद्याचे पाणी खालच्या थरांतील अनेकांना लागते.

चाळ

चाळीचे मर्म तिच्या भिंतीत नसून भिंतीतील फटींत आहे. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच असावा व तोही बांबूचा किंवा लाकडी पट्ट्यांचा, फटी असलेला, म्हणजे वारा खालूनही शिरेल. सिमेंटच्या पक्क्या भिंती व फरशी बांधून जी चाळ दिमाखदार दिसते, ती कांद्यास कोंदट कोठडी ठरते. कांद्याच्या थराची रुंदी ४ फुटांहून व उंची ५ फुटांहून अधिक नसावी. पीक जास्त आले म्हणून थर ७-८ फुटांवर नेणारे शेतकरी तळच्या कांद्यावर केवढे ओझे पडते, ह्याचा विचार करीत नाहीत. ४० फूट लांबीच्या दुपाखी चाळीत ह्या मापाने सुमारे २५ टन कांदा मावतो. त्याहून अधिक असेल तर चाळ वाढवावी, ढीग नव्हे.

एकपाखी चाळीची लांबी दक्षिणोत्तर ठेवावी, म्हणजे पश्चिमेचा वारा तिच्या आरपार जातो. दुपाखी चाळीची लांबी पूर्व-पश्चिम असावी आणि दोन पाख्यांमध्ये माणूस सहज फिरेल एवढी वाट सोडावी. छपरास कौले उत्तम. लोखंडी पत्रा घातला असल्यास त्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर पसरावा, एरवी पत्र्याखालचा वरचा थर उन्हाने अक्षरशः शिजतो. छपराचा पाखा दोन्ही बाजूंस तीन फूट तरी बाहेर काढावा, म्हणजे तिरपे ऊन व पावसाची झड आत येत नाही. झड फारच असेल तर बाजूस ताडपत्री सोडावी; मात्र पाऊस थांबताच ती वर गुंडाळलीच पाहिजे. ताडपत्री आठ-आठ दिवस तशीच सोडून ठेवल्यास आत बाष्प कोंडते, व बाहेरच्या पावसाने झाले नसते तेवढे नुकसान त्या आडोशाने होते.

भरलेल्या चाळीत उगाच चाळवाचाळव करू नये. चाळीखालची जमीन मात्र पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाहावी. कोठे पाण्याचा थेंब पडलेला दिसला, माश्या घोंगावताना दिसल्या किंवा आंबूस वास आला, तर त्याच्या वरच्या भागात कूज लागली आहे असे समजून तेवढा भाग उघडावा. तळ उंच व फटींचा ठेवण्याचा हा दुसरा फायदा आहे. चाळ बांधणीस शासकीय योजनांतून अनुदान मिळते. त्याचे दर व मापे वेळोवेळी बदलत असल्याने बांधकामापूर्वीच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. बांधल्यावर माप जुळले नाही म्हणून अर्ज अडल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

काही शेतकरी कूज टाळण्यासाठी चाळीतील कांद्यावर कीटकनाशकाची किंवा बुरशीनाशकाची पावडर धुरळतात. पूर्वी ह्यासाठी बीएचसी पावडर सर्रास वापरली जात असे. तिच्यावर देशात १९९७ साली बंदी आली. बंदी नसलेल्या औषधांबाबतही नियम एकच आहे. चाळीत गेलेला कांदा हे खाण्याचे अन्न आहे, शेतातील उभे पीक नव्हे, म्हणून त्यावर कोणतेही औषध टाकू नये. पापुद्रा सोलला की विष गेले, असा एक समज आहे. पण सोलणाऱ्या बाईच्या हातावरून ते पीठ मळण्यात व लेकराच्या घासात जाते, हे कोणी पाहत नाही. जंतुनाशकाची फवारणी करावयाचीच असेल तर ती रिकाम्या चाळीवर, कांदा भरण्यापूर्वी काही दिवस आधी, कृषी कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने करावी व चाळ पूर्ण कोरडी होऊ द्यावी.

लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने ह्या शतकाच्या प्रारंभी उभारलेल्या केंद्रात कांद्यावर कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची अल्प मात्रा देण्याची सोय झाली. असा कांदा किरणोत्सारी होत नाही व खाण्यास निर्धोक असतो. त्याचा उपयोग कोंब रोखण्यापुरता आहे. कूज त्याने थांबत नाही. शीतगृहाचेही असेच आहे. कांद्यास ० ते २ अंश तापमानाबरोबर कोरडी हवा, म्हणजे ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, तर बटाट्याच्या शीतगृहातील हवा मुद्दाम ओलसर राखलेली असते. तेव्हा बटाट्याच्या शीतगृहात कांदा ठेवू नये. घरीही दोन्ही एका टोपलीत ठेवण्याची सवय सोडावी.

खाण्यास कोणता घ्यावा, कोणता टाकावा

चाळीतून निघालेल्या कांद्याबाबत गृहिणींच्या मनात अनेक शंका असतात. कोंब आलेला कांदा खाण्यास हरकत नाही. तो पोकळ व चवीस कमी होतो, इतकेच. उन्हामुळे अंग हिरवे पडलेला कांदाही विषारी नसतो. हिरव्या बटाट्याचा धोका कांद्यास लावू नये.

काळ्या बुरशीचे मात्र तारतम्याने पाहावे. वाळलेल्या वरच्या पापुद्र्यावर किंवा त्याच्या लगेच खाली काजळीसारखी भुकटी दिसत असेल आणि आतील मांस घट्ट व स्वच्छ असेल, तर ते पापुद्रे व त्याखालचा एक पदर काढून, कांदा वाहत्या पाण्याने धुऊन वापरावा. सोलण्याचे काम स्वयंपाकघरात न करता ओसरीवर करावे, म्हणजे भुकटी अन्नावर उडत नाही. दमेकऱ्यांनी व बुरशीची बाधा होणाऱ्यांनी हे काम करू नये व असा कांदा खाऊही नये. बुरशी आतल्या पदरांत उतरली असेल, मांस मऊ वा पाणीदार झाले असेल किंवा आंबट दुर्गंध येत असेल, तर चांगला भाग कापून घेण्याच्या भानगडीत न पडता सगळा कांदा टाकून द्यावा. खराब भाग कापून उरलेला खानावळवाल्यास स्वस्तात देणे हा व्यवहार तर सर्वथा अयोग्य होय.

चिरलेला कांदा त्याच जेवणात संपवावा. घरी शीतकपाट असल्यास झाकणाच्या भांड्यात दोन-तीन दिवस ठेवता येतो.

पातीविषयी एक इशारा जरूर दिला पाहिजे. पात ही बहुधा कच्ची, भाकरीबरोबर खाल्ली जाते, आणि तिच्या घड्यांत माती व पाणी अडकून बसते. २००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका उपाहारगृहात जेवलेल्या सुमारे सहाशे लोकांना अ प्रकारची कावीळ झाली व त्यांतील तिघे दगावले. मेक्सिकोहून आलेली कांद्याची पात त्यास कारण ठरली. गावाशेजारच्या गटाराचे किंवा सांडपाण्याचे पाणी पातीच्या वाफ्यास देऊ नये, व जुड्या बांधताना त्या ओढ्याच्या पाण्यात बुचकळू नयेत. घरी आणलेली पात न धुता, मुळांची माती झटकून, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवल्यास दोन दिवस ताजी राहते. खाताना मुळे कापून, पदर उकलून, पिण्याच्या पाण्याने एकेक पान धुवावे.

टाकाऊ कांदा व जनावरे

चाळीतून निघालेली घाण चाळीशेजारीच लोटून देण्याची पद्धत गावोगाव दिसते. तेथेच बुरशी पोसली जाते व वाऱ्याबरोबर पुन्हा चाळीत येते. हा कांदा चाळीपासून दूर खड्ड्यात टाकावा, दर थरावर माती व शेण पसरावे व त्याचे खत करावे. कांद्याच्याच शेतात ते लगेच घालू नये.

भाव पडला की कांद्याचे ढिगारे गुरांपुढे टाकले जातात. हे अतिशय धोक्याचे आहे. कांद्यात असे द्रव्य असते की जनावराने तो मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. गाय, म्हैस व बैल यांना हा त्रास विशेष होतो. शेळ्या-मेंढ्या त्यामानाने अधिक सोसतात. कुजका कांदाच बाधतो असे नाही, चांगलाही बाधतो, आणि सवय नसलेले भुकेले जनावर ढिगाऱ्यावर सुटले तर धोका सर्वांत मोठा. लक्षणे लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी दिसतात. जनावर सुस्त होते, धापा टाकते, डोळ्यांच्या आतील भाग व हिरड्या फिकट किंवा पिवळट पडतात, लघवी तांबूस-काळपट होते आणि दुधास व श्वासास कांद्याचा वास येतो. अशा वेळी कांदा त्वरित बंद करून कोरडी वैरण व भरपूर पाणी द्यावे, जनावरास कामास जुंपू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. डॉक्टरांना जनावराने कांदा खाल्ल्याचे व किती दिवस खाल्ल्याचे न विसरता सांगावे. लालसर लघवी गोचीड-तापातही होते, आणि ही माहिती न मिळाल्यास उपचार भलत्याच रोगाचा होऊ शकतो.